उंच पहाडातला ट्रेक हळू का करायचा आणि हळू करायचा म्हणजे नेमकं कसं

हाय अल्टिट्यूड ट्रेकला पहिल्यांदा निघालेली माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात, फिटनेस किती लागतो आणि शूज कुठले घेऊ. प्रश्न बरोबरच आहेत आणि त्यावर खाली बोलूच, पण मला विचाराल तर सगळ्यात आधी ठरवायचे ते दिवस. हातात किती दिवस घेऊन निघताय? कारण 3,000 मीटरच्या वरच्या मुलखात जे जे सुंदर आहे ते हळू चालणाऱ्यालाच भेटतं, आणि तिथं जीव सांभाळायचा नियमही नेमका तोच आहे, हळू चढा. आनंद आणि सेफ्टी एकाच बाजूला असतील असं फार कमी ठिकाणी होतं, डोंगरात होतं. म्हणून मी कुणालाही पहिला सल्ला हाच देते की सात दिवसांचा ट्रेक पाच दिवसांत "बसवून" देणारा प्लॅन दिसला की तो बाजूला ठेवा, स्वस्त असला तरी.

हवेचं काय होतं ते एकदा नीट समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप समजेल. वर गेलं की हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं सगळे म्हणतात, पण प्रमाण तेच राहतं, साधारण 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. 5,500 मीटरच्या आसपास तो समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक श्वासात हाती लागणारा ऑक्सिजनही निम्मा. शरीर यावर लगेच काम सुरू करतं, श्वास खोल आणि भरभर होतो, नाडी वाढते, आणि मग दोन-चार दिवसांत किडन्या रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल नव्याने बसवतात, त्यामुळे लघवीला जास्त जावं लागतं (त्रास वाटतो पण हे चांगलं लक्षण आहे, म्हणून पाणी पिणं कमी करू नका). नवीन लाल पेशी तयार व्हायला तर काही आठवडे जातात. हे सगळं शरीर स्वतःच्या वेळेने करतं, आपल्या सुट्टीच्या वेळेने नाही, आणि तुम्ही रोज दहा किलोमीटर पळत असाल तरी त्यात काही फरक पडत नाही. फिट माणसाला विरळ हवेचा त्रास होत नाही हा समज डोक्यातून काढून टाका, उलट फिट माणूस भरभर चढतो म्हणून तोच आधी आजारी पडू शकतो.

तर प्लॅन बघताना किलोमीटर नका बघू, झोपायची उंची बघा. रोज रात्री किती मीटरवर झोपणार ते एका कागदावर लिहून काढा. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढ नको आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम त्याच जागी, हा डॉक्टर लोकांनी सांगितलेला ढोबळ नियम आहे. दिवसा त्याहून वर जाऊन परत खाली झोपायला आलात तर उत्तमच. एव्हरेस्ट बेसकॅम्पच्या वाटेवर नामचे बाजारला, 3,440 मीटरवर, बहुतेक प्लॅनमध्ये एक जादा दिवस असतो तो याचसाठी, कारण पुढे 5,364 मीटरपर्यंत जायचंय. किलिमांजारोला तर हे फार स्पष्ट दिसतं, 5,895 मीटरचा डोंगर आणि वर जायला दोरखंड वगैरे काही लागत नाही त्यामुळे लोक त्याला सोपा समजून चार-पाच दिवसांत उरकायला बघतात, आणि जे एक-दोन दिवस जास्त घेतात त्यांचीच वर पोचायची शक्यता चांगली असते. आणि मुक्कामाच्या जादा दिवशी दिवसभर तंबूत लोळायचं नाही बरं का, जवळच्या एखाद्या टेकाडावर दोन-तीनशे मीटर चढून जायचं, तिथं अर्धा तास बसायचं, आजूबाजूचं बघायचं आणि खाली यायचं. माझ्या अनुभवात पूर्ण ट्रेकमधला सगळ्यात छान दिवस बऱ्याचदा हाच निघतो कारण कुठंही पोचायची घाई नसते, पाठीवर ओझं नसतं, आणि ज्या शिखराखालून काल मान खाली घालून चालत आलो ते आज पहिल्यांदा नीट दिसतं.

पहिलाच ट्रेक असेल तर मुक्काम 3,500 च्या आतबाहेर आणि एखादी खिंड 4,000 च्या आसपास, एवढं भरपूर आहे. पेरूतल्या इंका ट्रेलची सगळ्यात उंच खिंड 4,215 मीटरची आहे आणि तेवढ्यावरही माणसाला विरळ हवा म्हणजे काय ते पुरेपूर कळतं. आल्प्समध्ये माँ ब्लाँच्या भोवतीची जी वाट आहे ती तर 3,000 च्या वर जातही नाही, पण सुमारे 170 किलोमीटरमध्ये एकूण चढ 10,000 मीटरच्या घरात जातो, त्यामुळे उंचीचा त्रास नाही पण पाय मात्र पुरते कामाला लागतात. आकडा मोठा म्हणून ट्रेक मोठा असं काही नसतं.

आता तयारी. दोन-तीन महिने आधी सुरुवात करा आणि जिममध्ये घाम गाळण्यापेक्षा सॅक पाठीवर घेऊन चढ-उतार चाला, नसेल डोंगर जवळ तर जिने. जिने उतरणं विसरू नका, सगळे चढायचीच प्रॅक्टिस करतात आणि मग खिंडीच्या पलीकडच्या हजार मीटर उतारावर मांड्या थरथरायला लागतात, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावायचं काम करतात आणि त्याची सवय वेगळीच लागते. लागोपाठ दोन दिवस चालायची सवय करा, एकच दिवस खूप चालणं आणि रोज उठून चालणं यात फार फरक आहे. शूज ट्रेकच्या आधी भरपूर वापरून मुरवून घ्या, आणि बोटापुढे थोडी जागा हवी नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. ट्रेकला निघायच्या आदल्या दिवशी नखं कापा. चालताना पायाला कुठं चुरचुरलं की तिथल्या तिथं थांबून टेप लावा, "पुढच्या मुक्कामाला बघू" म्हटलं की फोड आलाच समजा.

कपड्यांचं थोडक्यात सांगते कारण यावर सगळीकडे भरपूर माहिती मिळते. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा डिग्रीने उतरतं, वर वारा वेगळाच, त्यामुळे एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा तीन-चार पातळ थर न्या आणि ते सारखे घालत-काढत राहा. चालायला लागताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, नाहीतर दहा मिनिटांत घाम येतो आणि थांबलं की तोच घाम गारठवतो. अंगाला लागून कॉटन नको. झोपायचे कोरडे कपडे वेगळे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, त्यांना दिवसा हात लावायचा नाही. ऊन मात्र लोक फारच हलक्यात घेतात, दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले 80 टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो, म्हणून सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखालीसुद्धा लावायचं, आणि बर्फावर कडेने बंद असलेला गडद गॉगल, कॅटेगरी 4 चा, म्हणजे सगळ्यात गडद काचेचा. ढगाळ असलं तरी. एका दिवसाच्या निष्काळजीपणाने डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन माणूस तात्पुरता आंधळा होऊ शकतो.

चालण्याचा वेग हा मात्र नीट शिकायचा विषय आहे. साधी कसोटी अशी की चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, मध्येच श्वास तोडावा लागला की वेग जास्त आहे. बहुतेक लोक पन्नास पावलं झपाझप टाकतात आणि मग कंबरेवर हात ठेवून धापा टाकत उभे राहतात, पुन्हा पन्नास पावलं. यात दम तर जातोच पण दिसत काहीच नाही. त्याऐवजी इतकं हळू निघा की सुरुवातीला लाज वाटेल, आणि मग तास-तास न थांबता चाला. खड्या चढावर प्रत्येक पावलाला मागचा पाय सरळ ठेवून क्षणभर वजन त्याच्या हाडांवर सोडायचं, स्नायू ढिला होऊ द्यायचा, मग पुढचं पाऊल. श्वास आणि पाऊल जोडून टाका, 4,000 च्या आसपास दोन पावलांना एक श्वास, 5,000 च्या वर एका पावलाला एक श्वास असंही होतं, त्यात काही कमीपणा नाही. एकदा ही लय लागली ना की मनातली बडबड हळूहळू बंद पडते, ऑफिस, भांडणं, राहिलेली कामं, सगळं कुठंतरी मागे राहतं, आणि लक्ष फक्त पावलावर, श्वासावर आणि समोरच्या दगडावर. माणसं पुन्हा पुन्हा डोंगरात का जातात याचं खरं कारण मला तरी हेच वाटतं, शिखराचा फोटो हे त्यातलं फार छोटं कारण आहे.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेला हिशोब अजून चालतो, दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. पण तो कमी उंचीवरच्या तरतरीत माणसासाठी आहे, वर गेल्यावर मी सरळ दीडपट धरते, आणि बघत बघत चालायचं असेल तर दुप्पट.

बघायचं काय हे माहीत असलं की बघायला जास्त मिळतं म्हणून थोडं सांगते. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट 1802 मध्ये इक्वेडोरच्या चिंबोराझोवर चढला, शिखरापर्यंत पोचला नाही पण त्याच्या ध्यानात आलं की पायथ्यापासून वर जाताना झाडाझुडपांचे पट्टे बदलत जातात, जसे विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे गेल्यावर बदलावेत तसे. तुमच्या ट्रेकमध्येही हेच घडणार आहे. घनदाट जंगल, मग बुटकी वाकडी झाडं, मग एका ठिकाणी झाडं संपतातच, ती वृक्षरेषा. ती ओलांडताना थांबा आणि मागे वळून बघा, सकाळपासून ज्या जंगलातून आलो ते पायाखाली पसरलेलं असतं आणि पुढे सगळं उघडं, आभाळ एकदम मोठं होतं. त्याच्या वर गवताळ माळ, मग उशीसारख्या घट्ट गोल झुडपांचे गठ्ठे. हे गठ्ठे वाऱ्यापासून वाचायला जमिनीला चिकटून वाढतात, आतमध्ये बाहेरच्यापेक्षा ऊब धरून ठेवतात, आणि वर्षाला जेमतेम काही मिलीमीटर ते एक-दोन सेंटीमीटर वाढतात. अँडीजमधल्या यारेटाचे काही गठ्ठे हजार वर्षांहून जुने मानले जातात. म्हणून कृपा करून त्यांच्यावर पाय देऊ नका, बसू नका, वाट सोडून शॉर्टकट मारू नका, तिथं एका बुटाने केलेली जखम भरायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

आभाळाचा रंगही बघा. वर हवा कमी, धूळ आणि बाष्प कमी, त्यामुळे डोक्यावरचं आभाळ गडद, जवळजवळ जांभळट निळं दिसतं. होरास-बेनेडिक्ट द सॉस्युर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाला या निळ्याचं एवढं वेड होतं की त्याने अठराव्या शतकाच्या शेवटी निळ्या रंगाच्या छटांची एक गोल चकतीच बनवली, आभाळासमोर धरून निळेपणा मोजायला, आणि हुम्बोल्टने तसलीच चकती अँडीजमध्ये नेली होती. तुम्हाला चकतीची गरज नाही, रोज दुपारी एकाच वेळी मान वर करून बघा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी फरक स्वतःलाच कळतो. तलाव हिरवट-निळे का दिसतात तर हिमनदी खडक घासून पिठासारखी बारीक भुकटी करते, ती पाण्यात तरंगत राहते आणि उजेड विखुरते. आणि पायाखालचा दगडही बघा, हिमालयात समुद्री जिवांचे जीवाश्म सापडतात, खुद्द एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक 40 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी तयार झालाय. एवढ्या उंचीवर समुद्राच्या तळावर हात ठेवून उभं राहायचं, मला अजूनही हे सांगताना अंगावर काटा येतो.

पहाटे लवकर निघा. यामागे हौस नाही, कारणं आहेत. रात्रीच्या गारठ्याने बर्फ घट्ट असतो म्हणून पाय रुतत नाही, हिमनदीतून येणारे ओढे सकाळी कमी असतात आणि दुपारी बर्फ वितळून तेच ओढे कंबरेपर्यंत येतात, आणि दुपारनंतर ढग, वारा, विजा. वीज कडाडायला लागली की रिजवर (डोंगराच्या धारेवर) किंवा खिंडीत थांबायचं नाही, लगेच खाली सुटायचं, एकटं झाड किंवा सुळका टाळायचा. पण लवकर निघण्याचं बक्षीस पण मोठं आहे, सूर्य यायच्या आधी वरची शिखरं एकेक करून तांबूस होत जातात, आणि सूर्य पाठीशी व खाली दरीत धुकं असं जमून आलं तर त्या धुक्यावर तुमचीच सावली आणि तिच्याभोवती रंगीत वर्तुळ दिसतं, इंद्रवज्र. ठरवून दिसत नाही, पण कड्याच्या काठाने सकाळी चालताना सूर्याच्या उलट बाजूला बघत राहायची सवय ठेवा (पाय थांबवून, चालता चालता नाही).

दुपारी एक-दोनपर्यंत मुक्कामाला पोचायचं आणि मग उरलेला दिवस मोकळा ठेवायचा. पोचल्या पोचल्या झोपू नका, थोडं हिंडा, पाणी प्या, भूक नसली तरी खा. वर भूक मरते, म्हणून आवडीचं आणि पिठूळ-गोड पदार्थ जास्त असलेलं जेवण थोडं थोडं पण सारखं. पाणी उकळताना लक्षात ठेवा, 4,500 मीटरला ते 85 डिग्रीच्या आसपासच उकळतं त्यामुळे भात-डाळ शिजायला वेळ लागतो, पिण्याच्या पाण्याला 2,000 मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळून उकळी द्यायची असा नियम आहे. फिल्टर वापरत असाल तर रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, आत पाणी गोठलं की फिल्टर कामातून गेला आणि तो गेलाय हे बाहेरून कळतही नाही. मोबाईल आणि टॉर्चच्या बॅटऱ्या पण आतच.

रात्री झोप तुटक लागते. मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो आणि दचकून खोल श्वास घेत जाग येते, किंवा शेजारच्याचा श्वास असा थांबताना ऐकू येतो आणि आपण घाबरतो. उंचीवर हे नॉर्मल आहे, सवय झाली की कमी होतं. झोपेच्या गोळ्या आणि दारू मात्र अजिबात नको, दोन्हींनी श्वास आणखी मंदावतो. जाग आलीच आहे तर बाहेर जाऊन आकाश बघून या, टोपी आणि जॅकेट घालून.

आता आजारपण, आणि इथं मी अजिबात सैल बोलणार नाही. 2,500 मीटरच्या वर गेल्यावर काही तासांत डोकं दुखायला लागलं, सोबत मळमळ, चक्कर किंवा खूप थकवा असला, की दुसरं काही कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. थोडा असेल तर तिथंच थांबा, वर जाऊ नका, बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. थांबूनही वाढत असेल तर खाली. आणि दोन गोष्टी दिसल्या तर विचार करत बसायचंच नाही. एक, बसल्या जागी दम लागतोय, खोकला थांबत नाही, ओठ निळसर, म्हणजे फुप्फुसात पाणी भरतंय. दोन, माणूस बरळतोय किंवा सरळ रेषेत पावलाला पाऊल जोडून चालताना झोकांड्या खातोय, म्हणजे मेंदूला सूज. दोन्हींत माणूस काही तासांत जाऊ शकतो, रात्र असली तरी, पाऊस असला तरी, त्याला एकटं न सोडता लगेच खाली उतरवा, 300 ते 1,000 मीटर उतरल्यावर बहुतेक वेळा फरक पडतो, आणि ऑक्सिजन किंवा औषधं जवळ असतील तर ती उतरण्याच्या जोडीला, उतरण्याऐवजी नाही. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी प्रतिबंधासाठी वापरतात पण ती निघायच्या आधी डॉक्टरांना विचारूनच, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

ग्रुपमध्ये आधीच ठरवून टाका की कुणीही "मला बरं वाटत नाहीये" म्हटलं तर त्याला कुणी चिडवणार नाही आणि त्याच्यामुळे प्लॅन बदलला तर कुणी तोंड वाकडं करणार नाही. लोक त्रास लपवतात ते याच भीतीने. तुमचं सामान वाहणाऱ्या माणसांनाही हाच नियम, त्यांनाही उंची लागते, त्यांच्या अंगावर पुरेसे गरम कपडे आहेत का, रात्री ते कुठं झोपतायत, त्यांच्या पाठीवर किती किलो आहे हे बुकिंग करतानाच विचारा, आणि उत्तर गोलमाल आलं तर दुसरीकडे बघा.

खिंडीचा दिवस सगळ्यात लांब असतो. रात्री दोन-तीनला उठणं, हेडटॉर्चच्या उजेडात चालणं, नेपाळमधल्या थोराँग ला सारखी 5,416 मीटरची खिंड असेल तर शेवटचे दोनशे मीटर संपता संपत नाहीत. परत फिरायची वेळ आदल्या रात्री ठरवा, घड्याळात, उदाहरणार्थ अकरा वाजले की असू तिथून मागे, कारण वर विरळ हवेत डोकं नीट चालत नाही आणि "आता एवढंच तर राहिलंय" हे वाक्य फार खरं वाटतं. वर पोचलात तर फोटो काढा, पण सगळे फोटो झाले की एक पाच मिनिटं कॅमेरा आत ठेवून पलीकडच्या दरीकडे बघत बसा, तिकडचा मुलूख तुम्ही पहिल्यांदाच बघताय.

उतरताना काठ्या थोड्या लांब करा, पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला. बहुतेक लचकणं-मुरगळणं शेवटच्या दिवशीच्या सोप्या वाटेवर होतं, मन घरी पोचलेलं असतं म्हणून. परतीचं तिकीट ट्रेक संपल्याच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नका, मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा, हवामान बिघडलं तर ते उपयोगी पडतील आणि नाही बिघडलं तर त्यातला एक दिवस वरच्याच एखाद्या मुक्कामावर जास्त राहता येईल, फक्त हे गाईडला खिंडीच्या आधी सांगा, म्हणजे जेवणाखाण्याचा आणि तंबूचा हिशोब त्याला करता येतो.